बुरशी पेरताना

दुपारी प्रयोगशाळेतलं काम जरा थंडावलं होतं, म्हणून राहीने आईने पाठवलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. खाण्यासाठी नव्हे. आईच्या शेंगा खाणं तिने केव्हाच सोडलं होतं. गावाहून पिशवी आली की "ऑफिसात वाटते" असं नवऱ्याला, राहुलला, सांगून ती निघायची आणि उलव्याच्या नाक्यावर रिक्षा थांबवून तिथल्या कचराकुंडीत पिशवी हलकेच सोडून द्यायची. सोडताना कुंडीकडे बघायची नाही. जणू तो हात तिचा नव्हेच. आज मात्र रिक्षावाला फोनवर कुणाशी तरी भांडत होता, नाका मागे पडला तरी त्याला थांब म्हणायचं तिला सुचलं नाही, आणि पिशवी तिच्या मांडीवर बसून थेट द्रोणागिरीपर्यंत आली. सकाळभर ती टेबलाखाली पायाला लागत राहिली. मग जेवणानंतर, हाताला काही चाळा हवा म्हणून, तिने दाणे काढले, दळले, द्रावणात घोळवले, गाळले आणि यंत्राला दिले. रोज परक्यांच्या दाण्यांचं करायची ते सगळं. खिडकीबाहेर न्हावा-शेवा बंदरातल्या क्रेन्स नेहमीसारख्या मान खाली घालून कंटेनरचे डबे उचलत होत्या. पडद्यावर दाण्यांतल्या बुरशीच्या विषाचा आकडा आला. असे आकडे तिने शेकड्यांनी पाहिले होते. व्यापाऱ्याच्या मालाला असा आकडा आला तर ती पापणीही न लववता 'नापास' टाइप करायची. आज तिची बोटं कळांवर तशीच राहिली, आणि तिला वाटलं, आपल्या तोंडात कुणीतरी एक खवट दाणा ठेवलाय. गिळताही येईना, थुंकताही येईना.

ते विष दिसत नाही, हीच त्याची खोड. शेंगेवर, मक्यावर, खोबऱ्यावर हिरवट बुरशी येते, ती झटकता येते, पुसता येते. पण तिने आत सोडलेलं विष भाजून जात नाही, उकळून जात नाही, मिठाला बधत नाही. थोडं थोडं पोटात गेलं तर काही होत नाही असं वाटतं, आणि वर्षानुवर्षं काही होतही नाही. ते यकृतात जाऊन गपचूप बसतं, गाडीत खिडकीची जागा धरून बसलेल्या उतारूसारखं, शेवटच्या थांब्यापर्यंत. राहीचं काम एवढंच, की परदेशी जाणाऱ्या दाण्यांत ते किती आहे ते सांगायचं. फार असलं तर डबा जहाजावर चढत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने असा एक माल अडवला, तेव्हा तिला मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं. कुणाच्या तरी पोरांना आपण वाचवलं. संध्याकाळी परेशभाई, ज्यांचा तो माल, पावती घ्यायला आले, तेव्हा तिने सहज विचारलं, "मग आता या दाण्यांचं काय करणार?" परेशभाई हसले. रागाने नव्हे, लहान मुलाने वेडं काही विचारल्यासारखे. "बेन, एक्सपोर्ट नाय तर लोकल. एवढा दाणा काय समुद्रात टाकायचा?" त्या दिवशी घरी परतताना स्टँडसमोर भेळवाला चण्यादाण्यांच्या ढिगावर कागदाचा पुडा आपटत होता, आणि राही रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेली होती.

पण आजचा माल परेशभाईंचा नव्हता. तो तिच्या आईचा, सोनूबाईचा. बोर्लीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी भात निघाल्यावर आई जो शेंगांचा तुकडा करते, त्यातला. विहिरीचं पाणी, आईच्या हातची खुरपणी, आईच्या पायाखालचं खळं. चक्रीवादळात घराची कौलं उडाली, तेव्हापासून दरवर्षी शेंगा पत्र्याखालच्या माळ्यावर. उन्हाळ्यात तिथे भट्टी आणि पावसात घाम. राहीला हे सगळं ठाऊक होतं. बुरशीला काय लागतं, हे तर तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी इतक्या वर्षांत तिने आईचा एक दाणा तपासला नव्हता. तपासला असता तर कळलं असतं. कळलं असतं तर सांगावं लागलं असतं. आणि सांगायचं म्हणजे नुसतं दाण्यांचं सांगून भागणार नव्हतं.

तिचे वडील विठोबा एसटीत कंडक्टर होते. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, आणि परत. खाकी शर्टाच्या डाव्या खिशात आईने भाजून दिलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा. उजव्या खिशात टरफलं, कारण गाडीत कचरा केलेला त्यांना खपत नसे. लहानपणी ती त्यांच्यासोबत कधी म्हसळ्यापर्यंत जायची, तेव्हा घाटात गाडी वळली की ते एक शेंग तिच्या ओंजळीत टाकायचे, वळणागणिक एक. अजूनही डोळे मिटले की तिला तो घाट शेंगांनी मोजता येतो. ती कॉलेजात असताना त्यांचे डोळे पिवळे झाले. पहिल्यांदा ते एका उतारूच्या लक्षात आलं. घरातल्या कुणाच्याच नाही. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरने कागद बघितले, पोट दाबून बघितलं, यकृताचा कर्करोग म्हटलं, आणि आईला विचारलं, "किती पितात?" आई म्हणाली, "दोनदा. सकाळी नि दुपारी. बिनसाखरेचा." डॉक्टर हसला नाही, पण त्याच्या ओठाची कड किंचित हलली, आणि राहीला कळलं की त्याने चहाचं उत्तर ऐकलंच नाही. त्याने आपलं उत्तर आधीच लिहून टाकलं होतं. वडील पावसाळ्याआधी गेले. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. दिवसांना आलेली माणसं पडवीत बसून हळू आवाजात म्हणाली, काय पण शांत पिणारा, कधी कळू दिलं न्हाय. राही आत तांब्या भरत होती. तांब्या भरून वाहिला तरी ती नळाखाली धरून उभी होती. आई चुलीपाशी होती. तिनेही ऐकलं असणार. ती चुलीतली लाकडं पुढे सारत राहिली. त्याविषयी ती कधीच काही बोलली नाही.

आणि मग प्रयोगशाळेतल्या शिकाऊपणाच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवरच्या पडद्यावर एका यकृताचं चित्र आलं. शिकवणारा साध्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगत होता की हे विष यकृतात कर्करोग करू शकतं, दारूचा संबंध नसतानाही. राही उठून बाहेर गेली आणि बेसिनपाशी हात धुवत राहिली. एकीकडे तिला रस्त्यावर धावत जाऊन कुणालातरी गदागदा हलवून सांगावंसं वाटलं, माझा बाप पीत नव्हता. आणि त्याच क्षणी दुसरा प्रश्न तिच्यापुढे आला. शेंगा कोण भाजायचं? सकाळी अंधारात उठून, निवडून, मीठ लावून, खिशात कोण घालायचं? खरं कारण काविळीचा विषाणूही असेल, आणखी काहीही असेल, आता कुणी शोधूही शकणार नाही. पण एकदा वाक्य तोंडातून बाहेर पडलं की आई त्याला आपल्या हातांशी जोडणारच. म्हणून राहीने ते वाक्य तोंडातच ठेवलं. लग्न झालं, उलव्याला घर झालं, पिशव्या येत राहिल्या, कुंडीत जात राहिल्या, आणि आई फोनवर विचारत राहिली, "शेंगा गोड हायत ना गो, बाय?" "गोड आहेत, आये."

आकडा आला त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा राहुल गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. तो मालवाहतुकीच्या एका यार्डात कामाच्या पाळ्या बघायचा, शांत माणूस. बायकोच्या गप्प बसण्याचे प्रकार त्याला आवाजावरून ओळखू यायचे. "काय झालं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "आईच्या शेंगा तपासल्या." त्याने हातातली उशीची खोळ घडी करून खांद्यावर टाकली. "आणि?" "नापास." त्याने दोरीवरचा शेवटचा चिमटा काढला. मग म्हणाला, "तू इतकी वर्षं नको, नको म्हणायचंच काम केलंस, राही. कुणाला, असं करा, असं सांगायचं काम नाही का तुमच्यात?" त्याला फक्त समजूत घालायची होती. पण वाक्य तिच्यात रुतलं. भाजी परतताना, डबे भरताना, गादीवर कूस बदलताना ते टोचत राहिलं. असं करा असं सांगणारी एक बाई तिला ठाऊक होती, आणि तिचे नमुने राहीच्याच हातातून जायचे.

डॉ. सुचिता एका संशोधन केंद्रात बुरशीवर काम करायच्या. पन्नाशीच्या, कापलेल्या केसांच्या, बोलताना समोरच्याच्या बाहीला धरणाऱ्या. त्यांचं म्हणणं ऐकायला उफराटं होतं. विष सोडणाऱ्या बुरशीचीच एक बहीण निसर्गात असते, दिसायला तशीच, वाढायला तशीच, फक्त विष करणं तिला येत नाही. ही बिनविषारी बुरशी भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवायची, आणि पीक फुलोऱ्याला येण्याआधी ओल्या जमिनीवर ते दाणे फेकायचे. ती आधी पसरते, जागा धरते, खायचं तेवढं खाते; विषारीला पाय ठेवायला जागा उरत नाही. देशावरच्या शेतांत त्यांना फरक दिसला होता. कोकणच्या दमट हवेत, खाऱ्या वाऱ्यात तो दिसेल का, हे त्यांना बघायचं होतं आणि त्यासाठी त्या समुद्राजवळचा शेंगांचा तुकडा शोधत होत्या. राहीने दुसऱ्या दिवशी त्यांना फोन लावला. आपला आवाज आपल्यालाच परका वाटावा इतक्या सरळपणे ती म्हणाली, "मॅडम, माझ्या आईचं शेत आहे."

गावी आईने सुचिताबाईंकडून सगळं ऐकून घेतलं, तिच्या दाण्यांत विष आहे ते, आणि ते यकृतावर बसतं तेही. सुचिताबाई पडवीत खुर्चीवर, आई जमिनीवर पाय पसरून, हातात वालाच्या शेंगा सोलणं चालू. शेजारची भागुबाई दाराला टेकून उभी. तिचा तुकडा आईच्या तुकड्याला बांधाला बांध लागून. बाहेर वाडीतल्या नव्या सुपाऱ्या वादळात मोडलेल्यांच्या खोडांमधून वर येत होत्या. सुचिताबाईंनी पिशवीतून निळसर रंग लावलेले ज्वारीचे दाणे काढून आईच्या हातावर ठेवले. आईने ते नाकापाशी नेले, परत दिले. "सारा जलम बुरशी झटकत आले मी," ती म्हणाली, "आता तुमी सांगता, पेर." भागुबाई फिदकन हसली. "आमच्या बाजूला नका येऊ देऊ हां, बाई," ती म्हणाली. सुचिताबाई समजावत होत्या, शास्त्राचे शब्द गिळून सोपे शब्द शोधत होत्या, आणि आईचा चेहरा बंद होत चालला होता. राहीला तो चेहरा ओळखीचा होता. इस्पितळातला.

"आये," ती एकदम म्हणाली, "बोर्लीच्या स्टँडवर गाडी लागली की लोक काय करतात? खिडकीतून रुमाल टाकतात ना शिटावर? मग दुसरा कुणी बसतो का? तसंच हे. वाईट बुरशी चढायच्या आधी आपण रुमाल टाकायचा."

आईचे हात थांबले. मग तिच्या गालाला खळी पडली, राहीने कित्येक वर्षांत न पाहिलेली. "हिचा बापूस रुमाल मानायचा न्हाय," ती सुचिताबाईंना म्हणाली. "उचलायचा नि म्हातारीला बसवायचा. त्यावरनं भांडणं व्हायची रोज." आणि मग, जणू त्या भांडणांच्या नादात, ती म्हणाली, "टाका. बघू. पन कोंबड्या कोंडाव्या लागतील, न्हायतर जवारी त्याच खातील." भागुबाईने आपल्या तुकड्यावर काही टाकायला साफ नकार दिला. सुचिताबाईंना तेही चालणार होतं. तुलनेला शेजारचं शेत हवंच होतं.

माघ संपता संपता, पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आई आणि राही शेतात उतरल्या. सुचिताबाईंनी कसं फेकायचं ते दाखवलं आणि त्या दुसऱ्या टोकाला खुणेच्या काठ्या रोवायला गेल्या. धुकं विरळ होत होतं. समुद्र दिसत नव्हता, पण त्याचा गार, जरा कुजकट, जरा मिठाचा श्वास येत होता. आई पुढे, कमरेला सूप टेकवून. राही मागे, घमेलं घेऊन. झाडं अजून घोट्याएवढी. मूठ भरायची, मनगट सैल सोडायचं, दाणे पाचोळ्यासारखे पडू द्यायचे. राहीला आपल्या मुठीतल्या त्या निळसर दाण्यांची भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती. ज्या गोष्टीला नाही म्हणण्यात तिचा सगळा काळ गेला, तिचीच बहीण ती आपल्या हाताने आईच्या मातीवर टाकत होती. हवा थांबलेली होती. सूप आणि मनगट, सूप आणि मनगट. आईची पाठ तिच्याकडे होती, आणि पाठ वळवूनच आई म्हणाली:

"त्यांना ह्येच झालं व्हतं का गो?"

राही जिथे होती तिथे उभी राहिली. तिला आधी वाटलं, ऐकलं नाहीसं करावं. ते तिला जमत असे. इतकी वर्षं दुसरं काय केलं होतं? दुसऱ्या टोकाला सुचिताबाई काठी ठोकत होत्या, ठक, ठक, आणि प्रत्येक ठोक्यानंतर आवाज जरा उशिरा पोचत होता. खोटं बोलायचं तर एकच शब्द पुरे होता. खरं बोलायला तिच्याकडे शब्दच नव्हता, कारण खरं काय ते तिलाही कुठे ठाऊक होतं? इतकी वर्षं ती जे तोंडात धरून बसली होती ते तरी सत्य होतं का? तो संशय होता. संशयालाच तिने सत्यासारखं जपलं, पोसलं, आईपासून लपवलं.

"माहीत नाही, आये," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. असू शकतं. काविळीच्या जंतूमुळेही असू शकतं. तेव्हा कुणी तपासलं नाही. आता कुणालाच सांगता यायचं नाही."

आईने आणखी एक मूठ टाकली. आणखी एक. मग तिने सूप खाली ठेवलं आणि बांधावर बसली, पाय पसरून, पडवीत बसायची तशी. "मी भाजून द्यायचे," ती म्हणाली. हेच. हेच वाक्य राहीने इतकी वर्षं अडवून धरलं होतं, आणि ते आलं ते इतकं साधं, पाणी कुठून येतं ते सांगावं तसं. राही तिच्यापाशी उकिडवी बसली. "तू काय मुद्दाम—" ती बोलू लागली, पण आईने हात वर केला.

"तू शेंगा खात न्हायस, त्ये मला म्हाईत हाय. मागल्या गणपतीत आली व्हतीस, लाडू फोडून त्यातले दाणे बाजूला काढलेस. मी बघितलं. तरी पाठवत राहिले. म्हटलं, कवा तरी बोलंल."

"आये..."

"थांब. माजं ऐक." आईने पदराने ओठ पुसले. तिच्या ओठांना काही लागलेलं नव्हतं. "लोक बोलले त्ये मी पन ऐकलं. त्यांच्या तोंडाला कवा वास आला न्हाय, मला म्हाईत हाय. पन डाक्टरनं पन त्येच म्हटलं ना. शिकलेला मानूस. मग रातची मी आठवत बसायचे. अमक्या दिवशी उशीर का झाला. म्हसळ्याला मुक्काम असायचा, तितं कोन बघायला व्हतं? इतकी वरसं, बाय. मेलेल्या मानसाचे खिसे तपासत व्हते मी." ती क्षणभर थांबली. "आनि तू म्हनतेस, दान्यानं पन असं व्हतं."

"होतं."

"न पिनाऱ्याला?"

"न पिणाऱ्यालाही."

आईचा चेहरा काही फुलला वगैरे नाही. ती रडली, पण ओरडून नव्हे. पाणी आपसूक गालांवरून उतरलं आणि तिने ते पुसलंही नाही. राहीला अपेक्षा होती की हे वाक्य आईला मोडून टाकेल. तिने त्या मोडण्याची इतकी तयारी केली होती, इतक्या वेळा ते मनात पाहिलं होतं, की आता समोर जे घडत होतं ते तिला वाचताच येईना. आई दुःखी होती, हो. स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती, हो. पण त्याच वेळी तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरत होतं. ज्या बाजूने आपण दार लावून धरलं, त्या बाजूला आई नव्हतीच. ती पलीकडे, वेगळ्याच अंधारात, एकटी बसली होती, आणि तिथे जायला आपल्याला एवढंच म्हणायचं होतं: माहीत नाही. राहीने आईचा हात धरला. दोघींचेही हात निळसर झाले होते.

"चल," थोड्या वेळाने आई उठत म्हणाली. "ऊन चढलं की जवारी सुकंल."

काही दिवसांनी दुपारी आईचा फोन आला. राही गाळणी धूत होती. "हिरवं आलं गो!" आई जवळजवळ ओरडलीच. प्रत्येक दाण्यावर मऊ, शेवाळी लव. राहीने हसून "छान" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ती जागच्या जागी घाबरली. तोच हिरवा रंग. डोळ्यांना बहीण कुठली आणि वैरीण कुठली, हे कसं कळणार? ती सुचिताबाईंना भरवशाचं विचारायची तेव्हा त्या तिची बाही धरायच्या आणि म्हणायच्या, "भरवसा नसतो हो, म्हणून तर मोजतो आपण." चैत्रात विहीर खाली गेली. शेंगा भरायच्या वेळी झाड तहानलं की विषारी बुरशीला रान मोकळं मिळतं. हे राहीला कुणी सांगायला नको होतं. आईने आणि भागुबाईने पाळी लावून पोहरा-पोहरा करत तुकडे जगवले, तरी दुपारी पानं मिटलेली दिसायची. राही रोज फोन करू लागली. आधी त्यांचे फोन पाच वाक्यांचे असत; आता आई मधेच काहीतरी आठवून सांगायची. म्हसळ्याला मुक्कामाला गेले की ते काय आणायचे. एकदा बिनतिकिटाच्या माणसाला त्यांनी स्वतःच्या पैशाने तिकीट कसं फाडून दिलं आणि डेपोत बोलणी खाल्ली. राही कामाच्या ओट्याला टेकून ऐकत राहायची. वडील हळूहळू घरात परत येत होते, खाकी शर्टासकट. मागून कसलाही वास येत नव्हता.

शेंगा निघाल्या त्या आठवड्यात ती रजा काढून गेली. या वेळी माळा नाही, ओली रास नाही. शाळेजवळच्या सिमेंटच्या अंगणात ताडपत्री टाकून, वर-खाली करत, कडक वाळेपर्यंत. शेंग कानाशी हलवली की दाणा आत खुळखुळला पाहिजे, हे भागुबाई आल्यागेल्याला वाजवून दाखवू लागली. दोन्ही तुकड्यांतले नमुने सुचिताबाईंच्या केंद्रात गेले, आणि त्यांच्याच सांगण्यावरून राहीच्या यंत्रावरही लागले. पडद्याकडे बघायच्या आधी तिने एकदा खिडकीकडे बघितलं. मग बघितलं. भागुबाईचा आकडा नापास. वाळवणं बरं होऊनही नापास. आईचा आकडा शून्य नव्हता. राहीने तो पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला; तो दरवेळी थोडासा हलत होता, पण दरवेळी मर्यादेच्या पुष्कळ खाली राहत होता. असे दाणे परेशभाईंच्या डब्यात असते तर जहाजावर चढले असते. सुचिताबाई फोनवर आनंदल्या, आणि लगेच म्हणाल्या की एका तुकड्यावरून, एका हंगामावरून कुणी काही सिद्ध करत नाही. राहीने "हो, हो" म्हटलं. ती स्वतः हेच म्हणाली असती. तरी ती जिन्यात गेली आणि पायरीवर बसून एकटीच मोठ्याने हसली, इतकी, की खालच्या मजल्यावरच्या शिपायाने मान वर करून पाहिलं.

फोनवर सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. गावी पोचली तेव्हा पडवीत दोघी बसल्या होत्या, आई आणि भागुबाई. राहीने सांगितलं. आधी आईचं, मग भागुबाईचं. भागुबाईचं सांगताना तिने "नापास" हा शब्द वापरला नाही. शेतातल्या वाईट बुरशीने शिरकाव केलाय, हे दाणे पोरांना देऊ नका, बियाण्यालाही ठेवू नका, एवढंच म्हणाली. भागुबाईचा चेहरा उतरला. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. "माजे नातू खातात गो," ती म्हणाली. राहीच्या मनात ती जुनी भीती पुन्हा उठली, सांगण्याची. सांगून आपण फक्त एका बाईच्या हाताला दोष चिकटवला की काय. तिने आईकडे बघितलं.

आई उठली. आतून टोपली आणली, पडवीत रचलेल्या आपल्या राशीतून ओंजळी भरभरून तिने ती शिगोशीग केली आणि भागुबाईच्या पुढ्यात ठेवली. "ह्या ने पोरांना. तुज्या मागं ठेव, गाडून टाकू. ही सांगंल कशा त्या." मग ती परत खाली बसली, पाय पसरून. "आनि पुढल्या माघात तुज्या तुकड्यात पन टाकू जवारी. बोर्लीच्या बायकांना पन सांगू."

"बुरशी?" भागुबाई म्हणाली. पण या वेळी ती हसली नाही.

"व्हय. बुरशी." आईने बांधाच्या दिशेने हात केला. तिथे दोन तुकड्यांच्या मध्ये काहीच नव्हतं, नुसता वारा होता. "तुज्याकडचं वाईट माज्याकडं उडून येतं ना? मग माज्याकडचं बरं तुज्याकडं न्हाय येनार? वाऱ्याला काय कळतं." आणि राहीकडे वळून, अगदी सहज, तिने विचारलं, "येतं ना गो, बाय?"

"येतं, आये," राही म्हणाली. हे तिला माहीत होतं.